साबणवाली ओटिलिया

बिस्किटांच्या जुन्या डब्यातून रोझविटाच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती ओटिलियाने. वाजवावीच लागली. दोघी सख्ख्या मावसबहिणी, आणि आमच्याकडे कूळ आईकडून चालतं म्हणून एकाच कुळातल्याही, चर्चच्या मैदानात खांद्याला खांदा लावून उभ्या. शिवाय नाव घालायला रोझविटाला ओढून आणणारीही तीच. "चल गं, मला एकटीला लाज वाटते," असं म्हणून. पण टाळी वाजवता वाजवता तिची नजर डब्यावरच होती. सगळ्या जागा भरल्या आणि ओटिलियाचं नाव काही आलं नाही.

बूगनव्हिल बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, नदी समुद्राला मिळते तिथे कुराई गाव. सैन्य आणि बंडखोर यांच्यातली लढाई थांबून बरीच वर्षं झाली होती. त्या काळात ज्यांची शाळा बुडाली ती पोरं आता लेकुरवाळी होऊन बसली होती. त्यांना ना धड वाचता येत होतं, ना हातात कसली कला होती. अशांसाठी एका संस्थेने इंजिनदुरुस्तीचा वर्ग काढला. होडीचं इंजिन, जनरेटर, झाडं कापायचा चेनसॉ, सगळं उघडायचं आणि परत जोडायचं. दोन वर्षं शिकायचं आणि शेवटी अवजारांची पेटी घरी न्यायची. जागा थोड्या आणि नावं दुप्पट आली, म्हणून चिठ्ठ्या.

ज्यांची नावं निघाली नाहीत त्यांना लॉरेटाने नीरफणसाखाली बसवलं. लॉरेटा किएटा शहराकडची, संस्थेसाठी माहिती गोळा करणारी; तरुण, गोड बोलणारी, पण नेहमी घाईत. ती म्हणाली, "तुम्ही घरी जायचं नाही हं. तुम्हीपण महत्त्वाचे आहात. मी दर वर्षी येईन, त्यांना विचारीन तेच तुम्हाला विचारीन. त्यांच्यात आणि तुमच्यात काय फरक पडला ते बघायचं. फरक दिसला, तर उरलेल्यांसाठी दुसरा वर्ग."

"म्हणजे त्यांनी शिकायचं," ओटिलिया म्हणाली, "आणि आम्ही कशाला? बघायला?"

"तुलनेला," लॉरेटा म्हणाली.

हा शब्द ओटिलियाच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. दुसऱ्या वर्गाचं तिने ऐकलं आणि सोडून दिलं. असली वचनं लढाईनंतर गावाने पुष्कळ ऐकली होती.

उत्तरं दिली की लॉरेटा प्रत्येकाला कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची वडी द्यायची. वेळ दिल्याबद्दल. शिकणाऱ्यांना अवजारांची पेटी आणि न शिकणाऱ्यांना साबण! सुपारी विकणाऱ्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात नाव पाडलं: साबणवाले. पोरंसोरंसुद्धा म्हणायला लागली. ओटिलिया नदीवर आंघोळीला गेली की पलीकडून हाक यायची, "ए साबणवाली, फेस कर की जरा!"

रोझविटा मात्र निळा बॉयलर सूट घालून मिशनच्या शेडकडे जायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा नखांत काळं तेल. ते ती मुद्दाम धूत नाही, असं ओटिलियाला वाटायचं. रविवारी चर्चमध्ये प्रसाद घ्यायला हात पुढे केला तरी नखं काळीच, आणि फादरसुद्धा ती बघून हसायचे. ओटिलियाने आपले हात बघितले. मळ्यातल्या मातीने तिची नखंही काळीच होती. त्याकडे बघून कुणी हसत नव्हतं.

घरातही तेच. ओटिलियाची आई युलियाना. आमच्याकडे मावशी म्हणजे आईच, आणि रोझविटाची आई तर डोंगरात औषधावाचून गेलेली. त्यामुळे युलियानाचा जीव तिच्यावर जरा जास्तच. अळकुड्या कुटून गोळे केले की नारळाच्या दाट दुधात बुडवून पहिलं पान रोझविटाला.

"दमून आलीय पोर," युलियाना म्हणायची.

"आणि मी काय झोपून आले?" ओटिलिया म्हणायची.

"तुझं रोजचंच आहे."

वर्ग संपला. रोझविटाने नदीकाठी साबुदाण्याच्या माडाच्या झावळ्यांची शेड उभी केली, पुढे फळी ठोकली आणि तिच्यावर अवजारं ओळीने टांगली. होड्या थांबायला लागल्या. ओटिलिया मळ्यातून येता-जाता बघायची. आज कोण आलंय? अजून कोण बसलंय? इंजिन खोकायचं, परत खोकायचं आणि मग एकदम सुरू व्हायचं, तेव्हा ओटिलियाच्या तोंडून नकळत "बंद पड" असं निघून जायचं. एकदा खरंच बंद पडलं, तर तिला रताळ्यांची अख्खी पिशवी डोक्यावर असूनही हलकं वाटलं.

या सगळ्यात तिचा नवरा डॅमियन. डोंगरातला माणूस, लग्नानंतर रीतीप्रमाणे बायकोच्या गावी राहायला आलेला, लाकूड कापून पोट भरणारा. त्याचा चेनसॉ वरचेवर बिघडायला लागला. निदान ओटिलियाला तरी तो वरचेवर बिघडतोय असं वाटायला लागलं.

"काल तर चालत होता."

"काल चालत होता, आज नाही चालत. यंत्र आहे ते."

"आणि तिथे बसून एवढं हसायला काय असतं?"

"अगं, रोझी गोष्टी सांगते. वर्गातल्या मास्तरांची नक्कल करते. तू पण ये की."

"मी कशाला येऊ? मला काय कळतंय इंजिनातलं?"

डॅमियन भला माणूस, त्याने एवढं बोलून चेनसॉ खांद्यावर टाकला आणि गेला. त्याच दुपारी लॉरेटा तिसऱ्यांदा आली.

नीरफणसाखाली बसून तिने नेहमीचे प्रश्न सुरू केले. घरात किती माणसं, दिवसातून किती वेळा जेवता, आयुष्याबद्दल कसं वाटतं, या पाच चेहऱ्यांतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवा. ओटिलियाने मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग लॉरेटाने विचारलं, "गेल्या महिन्यात तुमची स्वतःची काही कमाई?"

तेवढ्यात नदीकडून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ डॅमियनचं ते गडगडाटी हसणं.

"आहे की," ओटिलिया म्हणाली. "पाव भाजते मी."

"अरे वा! कुठे?"

"ड्रमच्या भट्टीत. घरामागे. पलीकडे शॉर्टलंड बेटांवर जातो माझा पाव. होडीवाले पहाटेच घेऊन जातात, गावाला वाससुद्धा लागत नाही." आणि आमच्या किना या चलनात तिने असा आकडा सांगितला, की सांगताना तिचं तिलाच बरं वाटलं. बोट उचलून तिने सगळ्यांत हसऱ्या चेहऱ्यावर ठेवलं. "हा लिहा. मघाशी चुकलं."

लॉरेटाने लिहून घेतलं. भट्टी बघायला ती उठणार होती, पण भरतीचं पाणी चढत होतं आणि तिची होडी दोर ताणून उभी होती. ती निघून गेली.

ओटिलिया तडक जेरव्हासकडे गेली. जेरव्हास दुसरा साबणवाला, लांब पायांचा, तोंडाचा फाटका. सुपारी चघळत पायरीवर बसला होता.

"तुला विचारायला उद्या येईल," ती म्हणाली. "काय सांगशील?"

"काय सांगणार? काही नाही म्हणून सांगणार. दर वर्षी तेच सांगतो."

"आणि मग ती लिहिणार, साबणवाले भिकारी ते भिकारी. त्या पेटीवाल्यांसमोर आपण काय आयुष्यभर असंच दिसायचं का?"

जेरव्हासला कल्पना फारच आवडली. दुसऱ्या दिवशी त्याने लॉरेटाला सांगितलं की आपण डुकरं पाळून विकतो, पार अरावाच्या बाजारापर्यंत. डुकरांची नावंसुद्धा सांगितली. एका बाईने शिवणयंत्र सांगितलं, दुसऱ्याने सुकवलेला मासा. लॉरेटाला वेळ घालवणं परवडत नव्हतं आणि लोकांना गंमत थांबवणं. खोटं नदीकाठाने वरच्या गावांपर्यंत चढत गेलं. तिथल्या साबणवाल्यांनी आणखी मोठे आकडे सांगितले.

पुढच्या कोरड्या दिवसांत संस्थेचे एक दाढीवाले साहेब आले. सगळ्यांना मैदानात बोलावलं. साहेब सावकाश आणि फार सौम्य बोलत होते, लॉरेटा बाजूला उभी राहून आमच्या भाषेत सांगत होती. दोन गटांत म्हणावा तसा फरक दिसत नाही. या किनाऱ्यावर तर न शिकलेल्यांची कमाई थोडी जास्तच आहे. त्याबद्दल त्यांचं कौतुक.

सगळ्यांच्या माना शिकलेल्यांकडे वळल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "दोन वर्षं शेडमध्ये काय करत होता रे? झोपा काढत होता?" खसखस पिकली. रोझविटा पहिल्या रांगेत उभी होती, निळा सूट घालून, खास धुऊन आलेली. तिने मान खाली घातली. ओटिलियाने ते डोळे भरून बघितलं. इतकं गोड तिला कितीतरी दिवसांत काही लागलं नव्हतं.

साहेब पुढे बोलत होते. लॉरेटाने सांगितलं, "तेव्हा इथे दुसरा वर्ग काढण्यात अर्थ नाही, असं ठरलंय. ते पैसे आता दुसऱ्या बेटावर जातील."

जेरव्हासने ओटिलियाकडे बघितलं. ओटिलिया चर्चच्या पत्र्याकडे बघत राहिली.

त्यानंतर रोझविटाच्या शेडवर माणसं आली ती चिडवायला, आणि साबणवाले सगळ्यांत पुढे. "इंजिन राहू दे, पाव भाजायला शीक, डुकरं विकायला शीक!" दोन-चार दिवस तिने ऐकून घेतलं. मग शेड बंद केली आणि चालायला लागली. वरच्या गावांना जाऊन आली, किनाऱ्याने फिरली, आणि एका सकाळी ओटिलियाच्या मळ्यात येऊन उभी राहिली. ओटिलिया रताळी उकरत होती.

"तुमच्यातलं कोण एवढं कमावतं गं?" रोझविटाने विचारलं.

"मला काय विचारतेस? साहेबांना विचार."

"मी सगळीकडे विचारलं. पाव खाल्लेला एक माणूस सापडत नाही. डुकरं विकत घेतलेला सापडत नाही. तू माझी बहीण आहेस, तू सांग."

ओटिलिया उकरतच राहिली. "जळतेस होय? आम्हालाही थोडं मिळालं तर पोटात दुखतं?"

"मी जळते? ओटी, मैदानात लोक मला हसले. तू तिथे होतीस. तू पण हसत होतीस."

एवढं तिने म्हणायला नको होतं. कारण ते खरं होतं. ओटिलिया ताडकन उठली आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते तिनेसुद्धा आधी ठरवलं नव्हतं. "तुमच्या घराला सगळं पहिल्यापासूनच मिळत आलंय! आम्ही डोंगरात मुळं उकरून खात होतो, तेव्हा तुझा बाप सैन्याच्या छावणीत बसून भात खात होता. तुला काय कळणार!"

शेजारच्या मळ्यातल्या बायकांचे हात थांबले.

लढाईत आमची गावं दोन बाजूंना वाटली गेली होती, आणि घरंही. रोझविटाचा बाप सैन्याच्या बाजूला राहिला होता आणि त्यातच मेला. ओटिलियाचे लोक दुसऱ्या बाजूचे, आणि रोझविटाची आईही त्यांच्याबरोबरच डोंगरात गेलेली. लढाई थांबली तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी समोरासमोर बसून धनुष्यं मोडली, डुकरं कापली, आणि सगळे बोल एका दगडाबरोबर जमिनीत पुरले. त्यानंतर छावणी हा शब्द कुणी कुणाच्या तोंडावर काढला नव्हता. दारू प्यायलेल्यांनीसुद्धा नाही.

रोझविटा रडली नाही की भांडली नाही. वळली आणि सरळ उर्बान मामाच्या घराकडे गेली.

उर्बान मामा दोघींच्या आयांचा थोरला भाऊ. कुळात त्याचा शब्द शेवटचा. त्याने सगळ्यांना अंगणात बोलावलं. बसल्यावर त्याने सुपारीला चुना लावला. मग म्हणाला, "तो दगड मी माझ्या हाताने पुरला. कुणी उकरला?"

"मी," ओटिलिया म्हणाली. तिची आई युलियाना ओंजळीत तोंड लपवून बसली होती.

"का?"

ओटिलिया नखांतली माती काढायला लागली. जेरव्हासला तिची दया आली की त्याच्या तोंडाला राहवलं नाही, कुणास ठाऊक. तो म्हणाला, "मामा, या सगळ्याचं मूळ पावात आहे."

"कसल्या पावात?"

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. पाव, डुकरं, शिवणयंत्र, सुकवलेला मासा; आणि नदीकडून डॅमियनचं हसणं ऐकून तो पाव तोंडातून निघाला, हेही ओटिलियाने सांगितलं. ऐकताना काही म्हाताऱ्यांना हसू आवरेना. डॅमियन हसला नाही. त्याने बायकोकडे असं बघितलं, जणू तिला आज पहिल्यांदाच बघत होता. "मला सांगायचं तरी," तो म्हणाला. "मी हसायचं बंद केलं असतं."

मामाने लॉरेटाला निरोप पाठवला. ती आली तेव्हा तिच्या हातात साबणाची पिशवी नव्हती. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "त्या आकड्यांखाली माझं नाव आहे. मी तुम्हाला आपली माणसं समजले. आणि माझंही चुकलंच, मी उठून भट्टी बघायला हवी होती." साहेबांना खरं काय ते कळवते, म्हणाली. कळवलंही. पण पैसे दुसऱ्या बेटावर गेले ते गेलेच. दुसरा वर्ग कुराईला कधी आला नाही.

राहिला तो उकरलेला शब्द. रीतीप्रमाणे ओटिलियाने आपलं पोसलेलं डुक्कर रोझविटाच्या दारात नेऊन बांधलं. दोघींनी एकाच चुन्याच्या भांड्यातून चुना घेऊन सुपारी खाल्ली. मग मामा रोझविटाला म्हणाला, "डुक्कर घेतलंस. आता हिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही."

"मी काय देऊ? माझ्याकडे काय आहे?"

"तुला येतं ते दे."

रोझविटाचा चेहरा असा झाला की जणू तिला दात काढून द्यायला सांगितलं होतं. ओटिलिया पुटपुटली, "हिच्या हाताखाली? त्यापेक्षा दुसरं डुक्कर देते." पण मामा तोवर उठून गेला होता.

दुसऱ्या सकाळपासून ओटिलिया शेडमध्ये जायला लागली. रोझविटा शिकवायची, पण हात राखून. चिकट भाग रॉकेलने धुवायचे ते ओटिलियाने. कार्ब्युरेटर उघडायचा ते रोझविटाने, तोही ओटिलियाकडे पाठ करून. "मला दिसत नाही," ओटिलिया म्हणायची. "आधी वास ओळखायला शीक," रोझविटा म्हणायची.

तिथे बसल्यावर ओटिलियाला एक गोष्ट कळली. थांबणाऱ्या त्या होड्या बहुतेक मामा-काकांच्या होत्या. मामा-काका पैसे देत नाहीत. ते मासा देतात, अळकुड्या देतात, नाहीतर नुसतेच पाठीवर थाप मारून जातात. "लॉरेटाला मी खरी कमाई सांगितली," एकदा रोझविटा प्लग घासत म्हणाली. "तिला वाटलं मी लपवतेय."

दुसऱ्या कुणाला कीव आली असती. ओटिलियालाही आली, थोडीशी. पण त्याच वेळी होडीवाला उतरायचा आणि ओटिलियाच्या अंगावरून पुढे जाऊन म्हणायचा, "रोझे, बघ गं जरा, हिचा श्वास कोंडतोय." रोझविटा डोळे मिटून इंजिन ऐकायची आणि बोट ठेवायची तिथेच बिघाड निघायचा. ओटिलियाला त्या कानांचा हेवा वाटायचा. पैसे नसले तर नसले, पण त्या कानांसाठी तिने दोन डुकरं दिली असती. घरी जाऊन ती डॅमियनचा चेनसॉ चालू करून डोळे मिटून ऐकत बसायची. डॅमियन शेजारी गुपचूप बसून राहायचा.

असं करता करता तिचाही कान तयार झाला. एक दिवस शॉर्टलंडची एक होडी आली. रोझविटाने ऐकलं आणि बोट ठेवलं. ओटिलिया म्हणाली, "तिथे नाही. पाण्याच्या पंपात आहे." उघडलं, तर पंपातच होतं. होडीवाल्याने विचारलं, "कुणी काढलं शोधून?" रोझविटा हात पुसत म्हणाली, "आम्हीच." ओटिलिया त्या "आम्ही"वर आठवडाभर धुमसत होती.

पुढच्या वर्षी तिने नदीच्या पलीकडच्या काठावर, बाहेरच्या होड्या लागतात तिथे स्वतःची शेड घातली. खांब डॅमियनने कापून दिले, अवजारं त्याच्या लाकडाच्या पैशांतून एकेक करून घेतली. तिथे मामा-काकांचं येणं-जाणं कमी होतं, आणि शॉर्टलंडचे लोक रोख देतात. निळा सूट तिच्याकडे नव्हता. तिने फुलाफुलांच्या ब्लाउजवरच काम सुरू केलं, आणि थोड्याच दिवसांत तिच्या नावाने होड्या यायला लागल्या.

एका दुपारी रोझविटा वल्ही मारत पलीकडून आली. होडी बांधून वर आली आणि दारात उभी राहिली.

"काय गं?" ओटिलियाने इंजिनातून मान वर न काढता विचारलं.

"चुना आहे का? माझा संपला."

रोझविटाच्या घरी चुन्याने भरलेला भोपळा टांगलेला असतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ओटिलियाने तो विषय काढला नाही. आपल्या भांड्यातला चुना पानात बांधून दिला. तेवढ्या वेळात रोझविटाची नजर अवजारांवरून फिरली, खोललेल्या इंजिनावरून फिरली, आणि बाहेर वाट बघत बसलेल्या तीन माणसांवर येऊन थांबली.

"गर्दी असते वाटतं," ती म्हणाली.

"असते आपली. तुझ्याइतकी नाही."

"हं," रोझविटा म्हणाली आणि चुना मुठीत घेऊन निघाली. होडीत पाय ठेवता ठेवता तिने एकदा मागे वळून बघितलंच.

ओटिलियाने ते बरोबर टिपलं. संध्याकाळी जेवताना तिने डॅमियनला ते सांगितलं, आणि अळकुड्या संपायच्या आत पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं.